तुमच्या फोटोखालची ठळक ओळ

सर, तुमच्या नावाच्या स्पर्धेचं पत्रक मीच लिहिलं. वर मधोमध तुमचा फोटो. त्याखाली ‘कालकथित हरिदास सर स्मृती चषक, कबड्डी, पंचावन्न किलो वजन गट’. आणि त्याच्याही खाली, अख्ख्या पत्रकात सगळ्यात जाड अक्षरांत: ‘खेळाडूंचे वजन सकाळी उपाशीपोटी घेतले जाईल.’ ती ओळ जाड मी करायला लावली. दिग्रसच्या छापखान्यात कंप्युटरवर बसलेल्या माणसानं विचारलं, ताई, यातलं ठळक काय करू? मी स्क्रीनवर बोट ठेवलं ते नेमकं तिथं.

पत्रक लिहायचं शिक्षण मी घेतलंय. माणूस ते उभ्यानं वाचतो, गाडीची वाट बघता बघता वाचतो, म्हणून जी अट चुकली तर त्याची खेप वाया जाईल ती अट जाड करायची. मी शिकल्याप्रमाणं वागले. तुम्हाला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता.

झालं असं की तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर बबलू माझ्याकडं आला. आपल्या संघाचा कप्तान, तोच तो, तुम्ही ज्याला ‘माह्या डोक्यावरचं भूत’ म्हणायचे. सरांच्या नावानं सामने घ्यायचे, पोरं तयार आहेत, विहारामागचं मैदान आहे, जिनिंगवाला कापसाचा काटा देतो म्हणाला वजनाला. फक्त पत्रक तुम्ही काढा, ताई. त्यानं गेल्या वर्षीच्या कुठल्याशा स्पर्धेचं पत्रक नमुना म्हणून आणलं होतं. नाव आणि फोटो बदलायचा, बाकी तेच.

बबलूनं तुमच्या नावाआधी ‘स्वर्गीय’ लिहून आणलं होतं. मी भडकले. म्हटलं, सर आयुष्यभर ज्या विहारात बसले तिथं कोणी स्वर्गीय होत नाही, कालकथित लिही. तो म्हणाला, ताई, आमच्याकडं सगळ्यायले स्वर्गीयच लिवतेत. मी त्याला इतिहास ऐकवला. बिचारा ऐकत राहिला. मग तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या, ‘श्रमिकांच्या लेकरांच्या घामाला न्याय मागणारा झुंजार प्रशिक्षक’ वगैरे. त्या ओळी मी तीनतीनदा घासूनपुसून लिहिल्या. खालचे नियम मात्र नमुन्यात होते तसे ठेवले, आणि त्यांतला एक जाड केला.

तुमच्या मरणावरही मी भाषण केलं, सर. तुम्ही काय सांगत होता ते तेवढं आठवलं नाही.

चूक सापडली ती तुमच्या घरी, काकूंना. पत्रकं गावोगाव गेली होती, दारव्ह्यापर्यंत. एक मी काकूंना द्यायला गेले, फोटो चांगला आला म्हणून. त्यांनी चष्मा लावला, फोटोवरून बोट फिरवलं, आणि मग खाली वाचत गेल्या. त्या जाड ओळीवर बोट थांबलं. मग कागद माझ्याकडं फिरवून म्हणाल्या, “ह्यात तर पोरायले उपाशी ठेवा म्हनून लिवलं हाय ना वो. अन् वर ह्यायचा फोटो.”

रागानं म्हणाल्या असत्या तर मी वाद घातला असता. वाद मला जमतो. त्या चुलीकडं गेल्या आणि चहा ठेवला माझ्यासाठी.

सर, मला आपली पहिली भेट आठवत राहते आणि ती आठवली की अजून वाईट वाटतं. मी तेव्हा रेशनच्या डाळीवरचं पत्रक घेऊन मैदानावर आले होते. पोरं घामेजलेली बसली होती. मी मोठ्यानं वाचायला लागले, प्रथिनांचा हक्क, कुपोषणाचं राजकारण. पोरं खाली बघून हसत होती. तुम्ही अख्खं पत्रक ऐकून घेतलं, माझ्या हातातला गठ्ठा मागितला, म्हणाले ठेवून जा, वाटतो. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तुम्ही माझ्या पत्रकांच्या पुड्या करून त्यात फुटाणे आणि गुळाचा खडा घालून पोरांना वाटत होते.

मी तिथंच तोंड सोडलं. आमच्या चळवळीचं पत्रक, आणि तुम्ही त्याच्या पुड्या बांधता? तुम्ही मलाही एक पुडी दिली. “खाता खाता वाचते मानूस. तुह्या हातातून घेतलं असतं त गल्लीच्या टोकाले फेकलं असतं.” आणि खरंच, एक पोरगा फुटाणे संपवून कागद उलगडून वाचत होता. मला तेव्हाही लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

पण मी यायला लागले. तुमचं शिकवणं बघायला नाही, चुका काढायला. तुम्ही कधी फळ्यावर ताट काढून कोपऱ्यात भात, कोपऱ्यात भाजी असं शिकवलं नाही. पोरं मैदानावर आली की पहिला प्रश्न, जेवला का बे. दुसरा, लघवी कशी झाली. पोरं लाजून मरायची. काळ्या चहासारखी असंन त आज चढाई नाही, रेषेबाहेर बस आणि पानी पे. सराव संपला की अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, फुटाणे असो, केळ असो, घरची भाकर असो, मग गप्पा. सामन्याच्या दिवशी तळलेलं बंद. आणि रोजच्या वरणातलं पाणी अर्धं करा, आईले सांगा सरानं सांगतलं.

त्या शेवटच्यावर आपलं जुंपलं. मी म्हटलं, सर, ज्याच्या घरी तुरीचं वावर आहे तो पाणी कमी करेल. जो दुसऱ्याच्या तुरीत मजुरीला जातो त्याच्या घरचं वरण पातळ आहे ते त्याला माहीत नाही म्हणून नाही. तुम्ही उपाशी माणसाला आहार शिकवता. पुढच्या रविवारी तुम्ही सरावाला भलंमोठं पातेलं, तुमचा तो गंज, घेऊन आले, तीन दगडांची चूल मांडली आणि मुगाची जाड खिचडी घातली सगळ्यांना. मी म्हटलं, ही तर खैरात झाली. तुम्ही म्हणाले, “तू पत्रक काढ. मी खिचडी काढतो. पोट्टे कायनं मोठे होतेत ते पाहू.”

आपला तो वाद कधी संपला नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. एका माणसाच्या गंजानं तालुक्याचं पोट भरत नाही, हे मी आजही म्हणते आणि म्हणत राहीन. पण त्या दर रविवारच्या खिचडीला सुरुवातीला काही पोरं आपापला डबा घेऊन लांब बसायची, आणि ती का बसायची ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मी त्यावर लिहायला निघाले होते. तुम्ही हात धरला. भूक लागली की येतीन म्हणाले. बबलू त्यांच्यातलाच होता. तो सगळ्यांच्या आधी आला, आणि नंतर गंजाच्या बुडाची खरवड कोणाची यावरून तुमच्याशीच भांडायला लागला.

बबलूचं ते दिग्रसचं पडणं मी पाहिलेलं नाही, तुमच्याकडूनच ऐकलं. पंचावन्न किलोच्या गटात बसवायला पोराला आदल्या दिवसापासून पाणी बंद. अंगात स्वेटर, वरून रेनकोट, आणि उन्हात पळवायचं, थुंकायला लावायचं. हे आपल्याकडं सगळे संघ करतात, त्याला नावही आहे, वजन तोडणं. सकाळी काट्यावर वजन बसलं की पोरं सुटतात आलूबोंड्यांवर आणि थंड्या बाटल्यांवर. बबलूनं पोट भरून घेतलं, पहिल्या चढाईला गेला, पोटऱ्यांत गोळे आले आणि मॅटवर ओकला. प्रेक्षक हसले. तुम्ही उचलून आणलं.

तुमची मला आवडलेली गोष्ट याच्या पुढची आहे. तुम्ही दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, त्याले मी पळवलं. रेनकोट माहा होता. मले वाटलं चपळाई येते रिकाम्या पोटानं, माह्या सरानं मले तसंच पळवलं होतं. चुकलं माह्यावालं. बस. ना कारणं, ना भाषण. आणि मग तो कापसाच्या काट्याचा तुमचा शेरा, जो आता गावभर झालाय: कापसाले पानी मारून वजन वाढवतेत, अन् पोट्ट्यायचं पानी काढून कमी करतेत, काटा तोच.

त्यानंतर तुम्ही मला एक काम सांगितलं. सगळ्या ओळखीत एकच. आसपासच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना वाटायला एक पत्रक हवं होतं. वजन गट बंद करा असं नको, ते कोणी ऐकणार नाही, आणि बारक्या पोरांना तोच एक गट खेळायला मिळतो. फक्त एवढं लिहायचं: आधी खिचडी, मग काटा, आणि खाल्ल्याचे म्हणून दोन किलो सूट. खाल्ल्याशिवाय काट्यावर चढायचं नाही. तू लिही, म्हणाले, पण छापायच्या आधी पोरायले वाचून दाखव.

मी नाही म्हटलं. म्हटलं, हे अर्धवट आहे. पोरांना उपाशी मारणारी पद्धत तशीच ठेवायची आणि तिला दोन किलोंची सूट मागायची? मी असं मिळमिळीत लिहीत नाही. वजन गटाविरुद्ध आंदोलन करा, मी तुम्हाला उद्या सकाळी पत्रक देते. आणि पोरांना काय वाचून दाखवायचं, त्यांच्यासाठीच तर लिहितो आपण.

तुम्ही हसला. राहू दे मग, म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही. मी वाट पाहत होते की तुम्ही पुन्हा काढाल, म्हणजे मला पुन्हा नाही म्हणता येईल. तुम्हाला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी दारव्ह्याच्या बाजारात उभी राहून दुसऱ्याच कशाचीतरी पत्रकं वाटत होते.

तर काकूंचा चहा कसाबसा पिऊन मी बबलूकडं गेले. तो घरामागं सायकलची चेन चढवत होता. त्याला पत्रक दाखवलं, ती ओळ दाखवली. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, हो, असंच असते ना. मी म्हटलं, अरे सर याच्याविरुद्ध होते. त्यानं चेन सोडली. चेहरा उतरला त्याचा. सरांच्या फोटोखाली हे आलं हे त्यालाही तोपर्यंत दिसलं नव्हतं. ज्या दोघांना सगळ्यांत जास्त दिसायला पाहिजे होतं, त्या आम्हा दोघांनाच नाही दिसलं.

मी म्हटलं, वजन गटच रद्द करू. तो म्हणाला, ताई, पोट्टे आतापासूनच सुकून राह्यले. ज्यायनं चार दिस पोट मारलं त्यायच्यासमोर तुम्ही साठ-साठचे गडी उभे करसान काय? हाडं मोडतीन. त्याचं खरं होतं. माझं आंदोलन सामन्यांच्या रविवारी सकाळी कोणाच्यातरी बरगड्यांवर पडलं असतं. तेव्हा मला तुमचं ‘अर्धवट’ आठवलं. आधी खिचडी, मग काटा, दोन किलो सूट.

नवं पत्रक त्याच छापखान्यातून काढलं. जाड ओळ बदलली. जीपवाल्यांच्या हाती पाठवलं, फोनवर टाकलं, बबलूनं एकेका कप्तानाला फोन केले. मला वाटलं, झालं. कागदानं झालेली चूक कागदानं दुरुस्त झाली. इतकी वर्षं तेच मानत आले आहे मी.

रविवारी सकाळी मैदानावर काटा मांडला, शेजारी तुमचा फोटो, त्याच्या शेजारी गंज. काकू आल्या नाहीत, पण डाळ-तांदूळ घरून धुऊन पाठवले होते आणि निरोप होता की मीठ बेतानं घाला, पोरायले नंतर सरबतातही जाते. वाफा येत होत्या. संघ जमले. आणि सर, कोणी खाईना.

पोरं गंजाकडं बघत होती आणि लाळ गिळत होती. काही तर ती लाळसुद्धा थुंकून टाकत होती, वजनाला. एका कप्तानानं मला तोंडावर सांगितलं की हा डाव आहे. खाऊ घालून वजनात बाद करायचं आणि घरचा संघ पुढं न्यायचा. माझ्या हातात नवं पत्रक होतं, मी ते त्याच्यापुढं धरलं. त्यानं खिशातून जुनं काढलं आणि त्याच्यावर ठेवलं. दोन्हीवर तुम्ही.

मग मला मैदानाच्या कडेनं कोणीतरी पळताना दिसलं. कोवळ्या उन्हात, स्वेटर घालून. बबलू होता. आपलाच बबलू, तुमचा. पूर्ण सुकलेला, ओठ पांढरे. मी त्याला अडवलं. काय करून राहिला तू? सूट आहे ना दोन किलो, तूच फोन केलेस सगळ्यांना.

तो धापा टाकत उभा राहिला. माझ्याकडं बघेना. म्हणाला, “उपाशी या म्हनून तुमीच लिवलं. खाऊन या म्हनून बी तुमीच लिवलं. उद्या पंच म्हनन तिसरंच काही. कोनतं खरं धरू, ताई? सर असते त डोळे मिटून खाल्लं असतं.”

यावर मला बोलायला खूप होतं. मला नेहमीच असतं. नमुना तू आणलास, असं म्हणता आलं असतं. छपाईची घाई, तुम्ही गेल्याचं दुःख, कारणांचा गठ्ठा तयार होता. मी त्याला तसंच सोडून काट्याजवळ गेले आणि सगळे बसले होते तिथं उभी राहिले. माइक होता, पण घेतला नाही. म्हटलं, पहिलं पत्रक मी लिहिलं. ती ओळ जाड मी केली. सरांनी मला याच्या उलट लिहायला सांगितलं होतं, ते मी त्यांना लिहून दिलं नाही. चुकलं माझं. सूट खरी आहे, पंचांना आत्ता तुमच्यासमोर विचारा.

पंचानं मान डोलावली. माझे कान तापले होते आणि पाय कुठं ठेवावेत कळत नव्हतं. गोल बसवून ते एक वाक्य बोलताना तुमचं काय झालं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. तोवर मला ती फक्त एक चांगली गोष्ट वाटत होती, सांगण्यासारखी.

सगळे उठून खायला धावले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. आपल्या संघातले काही आले, द्रोण भरून घेतले. बाहेरच्या एका संघातली पोरं आली, घाबरत घाबरत दोनदोन घास. बाकीचे उपाशीच चढले काट्यावर. बबलूही. जुन्या हद्दीतसुद्धा आरामात बसला तो, सूट लागलीच नाही. म्हणजे खाल्लं असतं तरी चाललं असतं. काट्यावरून उतरला तशी त्याची नजर सरळ मैदानाबाहेरच्या आलूबोंड्याच्या गाडीवर गेली. मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेऊन मधे उभी राहिले. काही शिकवलं नाही. त्यानं तांब्या हिसकावल्यासारखा घेतला आणि तोंडाला लावला. माझ्या तोंडून तुमचंच निघालं, तुमच्याच बोलीत. घोट घोट पे बे.

तो थांबला. तांब्या खाली केला, माझ्याकडं पाहिलं, आणि मग घोट घोट प्यायला. अर्धं केळ खाल्लं. मग चार घास खिचडी. पहिल्या सामन्यात त्याच्या चढायांत दम नव्हता, आपण हरलो, पण तो त्याच्या पायांवर चालत बाहेर आला.

दुपारी सामने चालू असताना हरलेले संघ एकेक करून गंजाजवळ येत गेले. खिचडी गार झाली होती, थिजली होती. बसून खात होते, कोण कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, काही न बघता. तो जुनं पत्रक काढणारा कप्तानही होता त्यांत. मी दूर उभी होते. मला तिथं बसायचं धैर्य नव्हतं. बबलूनं हाक मारली, ओ पत्रकवाल्या बाई, या. तुम्ही मारायचे तशीच. मी जाऊन बसले. त्यानं गंज आडवा करून बुडाची खरवड काढली, अर्धी स्वतःच्या द्रोणात घेतली, अर्धी माझ्या.

खाता खाता म्हणाला, “पुढच्या खेपेले छापाच्या आधी आमाले वाचून दाखवा, ताई. आमी सांगतलं असतं ना.”

एवढंच तर मागितलं होतं तुम्ही, सर. मी बबलूला हो म्हटलं. तुम्हाला नाही म्हटलं होतं.

हा लेखही मी काल मैदानावर वाचून दाखवला. सराव संपल्यावर, पोरं फुटाणे खात असताना. बबलूनं दोन ठिकाणी थांबवलं. एक, दिग्रसला तो ओकला ते काढा म्हणाला, मग स्वतःच म्हणाला राहू द्या. दुसरं, खरवड अर्धी-अर्धी नव्हती, त्याच्याकडं जास्त होती. ते मी दुरुस्त करत नाही असं सांगितलं. पोरं हसली. काकू विहाराच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी हात पुढं केला, मी कागद दिला, आणि त्यांनी तो घडी घालून पदराखाली ठेवला. मग उठल्या आणि जाता जाता पोरांना विचारलं, तुमच्याच आवाजात विचारल्यासारखं, जेवले का बे सगळे.